दुसरा गुडघा

कृत्रिम पायाचा इतिहास नेहमी कापलेल्या बाजूने सांगितला जातो. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत लॉर्ड अक्सब्रिज यांचा पाय गेला. लंडनच्या जेम्स पॉट्सने त्यांच्यासाठी घडवलेल्या लाकडी पायात गुडघा आणि घोटा तातीने जोडलेले होते. गुडघा वाकला की चवडा आपोआप उचलला जाई. कारागिरी अव्वलच. पण कौतुक झाले ते चालीचे आणि दिसण्याचे. उरलेल्या पायाच्या गुडघ्यावर काय गुदरते, हे पुढे कितीतरी काळ फारसे कोणी विचारले नाही.

१९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे तयार झालेले ‘सॅच’ पाऊल स्वस्त, दणकट, म्हणून जगभर गेले. आत लाकडाचा गाभा, टाचेला मऊ रबर, घोट्याला सांधा नाही. टाच अलगद टेकते खरी. पण पोटरी जशी चवड्यावरून शरीर पुढे ढकलते, तसे हे पाऊल ढकलत नाही. मग अंगाचा भार दुसऱ्या पायावर आदळतो आणि प्रत्येक पावलाची किंमत तो गुडघा मोजतो. अवयवच्छेद झालेल्यांच्या १९७८ मधील एका पाहणीत शाबूत पायाच्या गुडघ्याची झीज जास्त आढळली, तर कापलेल्या बाजूची हाडे विरळ झालेली दिसली.

झीज वयाने आणि वजनानेही होते, असे कोणी म्हणेल. पण वय आणि वजन दोन्ही गुडघ्यांचे एकच असते. माणूस सवयीनेच चांगल्या पायावर रेलतो, त्यात बनावटीचा काय दोष, हा आक्षेप अधिक वजनदार. त्याचे उत्तर २०११ च्या एका अमेरिकी प्रयोगात मिळते: त्याच माणसांना जास्त रेटा देणारे पाऊल लावताच दुसऱ्या गुडघ्याच्या आतल्या बाजूवरचा भार घटला. माणसे थोडी होती, आणि भार घटला म्हणजे झीज टळली असेही नव्हे. तरी सगळा दोष सवयीवर ढकलता येत नाही.

आपल्याकडे पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासूनचे, सैनिकांसाठी उभे राहिलेले. १९६० च्या दशकाअखेरीस जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबरी पाऊल घडवले ते उकिडवे बसता यावे, अनवाणी शेतात उतरता यावे म्हणून. गरिबाला आधी स्वस्त पाय हवा, गुडघ्याचे नंतर पाहू, हा युक्तिवाद मात्र मला पटत नाही. ओझी वाहणाऱ्याचा दुसरा गुडघा गेला, तर त्या स्वस्त पायावर तो कामाला जाणार कसा?