गिअरबॉक्स-बदल, सुबारू इम्प्रेझा

सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स या मोटारीतील मूळचा पाच-गिअरी हस्तचलित गिअरबॉक्स काढून तिच्या वरच्या प्रतीच्या भावंडाचा, म्हणजे डब्ल्यूआरएक्स एसटीआयचा, सहा-गिअरी गिअरबॉक्स बसवणे. दोन्ही गाड्यांचा सांगाडा एकाच घराण्यातला आणि इंजिने ईजे कुळातली असल्यामुळे हा बदल नवे भाग न घडवता, बहुतांशी कंपनीच्याच सुट्या भागांवर होऊ शकतो. प्रत्यक्षात मात्र बदलतो तो जवळजवळ क्लचपासून मागच्या चाकापर्यंतचा सगळा शक्तिवहनमार्ग. गिअरबॉक्स हा त्यातला फक्त सर्वांत महाग भाग.

पूर्वपीठिका : डब्ल्यूआरएक्स १९९२ मध्ये जपानात आली, एसटीआय १९९४ मध्ये. सुरुवातीला दोन्हींत पाचच गिअर होते. दुसऱ्या पिढीच्या एसटीआयपासून सहा-गिअरी गिअरबॉक्स मिळू लागला आणि साध्या डब्ल्यूआरएक्सला पाच-गिअरीच ठेवला गेला. अमेरिकेत २००२ च्या मॉडेलची डब्ल्यूआरएक्स २ लिटर इंजिन व २२७ अश्वशक्ती घेऊन आली, २००४ च्या मॉडेलची एसटीआय २.५ लिटर व ३०० अश्वशक्ती घेऊन. या दोन आकड्यांमधले अंतर मालकांनी टर्बो आणि इंजिन-संगणकाची जुळणी बदलून भरून काढायला सुरुवात केली, तेव्हा पाच-गिअरी गिअरबॉक्सची मर्यादा उघडी पडली. त्याच्या दात्यांची रुंदी बेताची. चारही चाकांना जोर मिळत असल्याने चाक जागेवर घसरत नाही, आणि क्लच झटक्यात सोडला की सारा धक्का दात्यांवर येतो. तिसऱ्या गिअरचे दाते तुटण्याबद्दल तो विशेष बदनाम आहे. मूळ शक्तीवर आणि सांभाळून चालवणाऱ्याच्या हातात हाच गिअरबॉक्स वर्षानुवर्षे टिकतो, हेही नोंदवले पाहिजे.

गुणोत्तरे : २००२ च्या अमेरिकी डब्ल्यूआरएक्सचे गिअर ३.४५४, १.९४७, १.३६६, ०.९७२ व ०.७३८, २००४ च्या अमेरिकी एसटीआयचे ३.६३६, २.३७५, १.७६१, १.३४६, ०.९७१ व ०.७५६. पुढचे अंतिम गुणोत्तर दोन्हींत ३.९००. गिअर वाढला म्हणून महामार्गावर इंजिन शांत चालेल ही अपेक्षा या आकड्यांवर टिकत नाही. एसटीआयचा सहावा डब्ल्यूआरएक्सच्या पाचव्यापेक्षा किंचित आखूडच आहे. एका वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे अडीच टक्के जास्त पडतात. जपानी बाजारातल्या गिअरबॉक्सात पाचवा १.०६२ व सहावा ०.८४२ असल्याने तिथे वाढ १४ टक्क्यांवर जाते. लाभ आहे तो मधल्या गिअरांच्या जवळिकीचा आणि मजबुतीचा. इंधन वाचवण्यासाठी हा बदल करणाऱ्याने तो करू नये.

मागच्या डिफरन्शियलशी मेळ : या बदलातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. गिअरबॉक्समधून मागे जाणारी गती काही गिअरबॉक्सांत जशीच्या तशी (१.०००) जाते, काहींत १.१०० ने कमी होऊन. पहिल्या प्रकाराला मागे ३.९०० चा डिफरन्शियल लागतो, दुसऱ्याला ३.५४५ चा. १.१०० गुणिले ३.५४५ म्हणजे ३.८९९५, अर्थात पुढच्या ३.९०० शी व्यवहारात समान. जुन्या गाडीतला ३.५४५ चा डिफरन्शियल तसाच ठेवून १.००० चा गिअरबॉक्स जोडला, तर मागची चाके पुढच्यांपेक्षा दहा टक्के जास्त फिरू पाहतात. रस्ता त्यांना ते करू देत नाही, म्हणून तो फरक मधला डिफरन्शियल सतत गिळत राहतो. तो मोकळा असला तर गाडी काही काळ बिनतक्रार चालते, आणि घोटाळा ध्यानात येत नाही. त्याला कुलूप लागताच सारा मार्ग पिळवटतो, तेल तापते, आतली घडण जाते. मर्यादित घसरणीच्या मागच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर ओळखायला चाके उचलून ती एकत्र एक फेरा फिरवावीत आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजावेत. पावणेचार म्हणावे इतकेही भरले नाहीत तर तो ३.५४५, जवळजवळ चार भरले तर ३.९००. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा ही पाच मिनिटांची मोजणी बरी.

एसटीआयचा मागचा डिफरन्शियल आर१८० प्रकारचा, डब्ल्यूआरएक्सचा आर१६०. पहिला थोराड, म्हणून तो घेतला की मागचे एक्सल, त्याला धरणारा आडवा दांडा आणि बहुधा चाकाचे हबही बदलतात. २००४ च्या एसटीआयच्या हबवर बोल्टांचे वर्तुळ १०० मिमी. आहे, २००५ पासून ११४.३ मिमी. डब्ल्यूआरएक्सची चाके १०० मिमी. ची असल्याने २००४ चे हब शोधून घेतले जातात.

इतर भाग : एसटीआयचा क्लच २४० मिमी. व्यासाचा, ओढ-प्रकारचा. २००६ पासूनच्या डब्ल्यूआरएक्समध्ये ढकल-प्रकारचा आहे, म्हणून फ्लायव्हीलसह सगळा संच एसटीआयचाच घ्यावा लागतो. सहा-गिअरी गिअरबॉक्स लांब आहे, त्यामुळे मूळ प्रोपेलर शाफ्ट बसत नाही. स्वयंचलित डब्ल्यूआरएक्सचा शाफ्ट चालतो. रिव्हर्ससाठी दांड्यावरची कडी उचलावी लागते व तिची केबल गिअरबॉक्सपर्यंत जाते, सबब गिअरचा दांडाही एसटीआयचा. तेल ३.५ ऐवजी सुमारे ४.१ लिटर. पुढच्या एक्सलचे टोक वर्षागणिक वेगळे असल्याने ते गिअरबॉक्सबरोबरच विकत घ्यावे.

मधला डिफरन्शियल : पाच-गिअरीमध्ये पुढे-मागे समान वाटप व त्यावर चिकट द्रवाची जोडणी. एसटीआयमध्ये चालकाच्या नियंत्रणाखालचा विद्युत्-चुंबकी प्रकार, २००४-०५ मध्ये वाटप ३५:६५, २००६ पासून ४१:५९. त्याचा नियंत्रक संवेदकांसकट दुसऱ्या गाडीत रोवणे हे गिअरबॉक्स चढवण्यापेक्षा चिवट काम असते. अनेक जण बाजारात मिळणारा स्वतंत्र नियंत्रक वापरतात. वीज दिलीच नाही तर हा डिफरन्शियल बहुतांशी मोकळा राहतो आणि गाडी मागच्या चाकांवर अधिक झुकते. ओल्या रस्त्यावर हा फरक चालकाला माहीत असलेला बरा.

संभ्रम : २०१५ पासूनच्या डब्ल्यूआरएक्सलाही सहा गिअर आहेत, पण तो जुन्या पाच-गिअरीच्या वंशातला गिअरबॉक्स असून एसटीआयचा नव्हे. एसटीआयचा टीवाय८५ या संकेताने ओळखला जातो, पाच-गिअरी टीवाय७५ ने. हा संकेत गिअरबॉक्सवरील पट्टीवर असतो.

उपलब्धता : एसटीआयचे उत्पादन २०२१ च्या मॉडेलनंतर थांबले. मोडीतल्या आणि जपानहून आयात होणाऱ्या गिअरबॉक्सांवरच आता भिस्त आहे.

भारत : डब्ल्यूआरएक्स अधिकृतपणे विकली गेली नाही, सुबारूची फॉरेस्टर मात्र काही काळ शेव्हरोले नावाने, पाच गिअरांसह, मिळत होती.