विहिरीत निघालेला चमकदार खडा: किंमत कशावर ठरते?

विहिरीच्या कामात सुरुंग उडाला की काळ्या खडकात कधीकधी पोकळी उघडी पडते. आत पांढरे, गुलाबी, हिरवे स्फटिक चमकतात. आपण सरसकट गारगोटी म्हणतो, पण त्यातले बरेचसे गारगोटी नसतात.

कसे तयार झाले?
सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं आणि स्फटिक वाढत गेले.

किंमत कशामुळे?
• दुर्मिळता: पांढरा-गुलाबी स्टिल्बाइट आपल्याकडे भरपूर निघतो. निळा कॅव्हन्साइट मात्र जगात मोजक्याच ठिकाणी मिळतो. त्यात पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणी जगप्रसिद्ध आहेत.
• रंग: बिनरंगी अपोफिलाइटपेक्षा गडद हिरव्याला मागणी जास्त.
• अखंडपणा: टोक तुटलं की भाव पडला. मूळ खडकाला चिकटलेला गुच्छ सुट्या खड्यापेक्षा सहसा सरस ठरतो.

हे अंगठीचे खडे नव्हेत. अपोफिलाइट तर काचेपेक्षाही मऊ असतो. संग्राहक आणि संग्रहालयं ते जसेच्या तसे ठेवतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे नमुने बघायला मिळतात.

सापडला तर काय कराल?
हातोडीने सुटा करू नका. ॲसिडने धुऊ नका, तापवू नका. स्फटिक खराब होतो. खडकासकट कागदात गुंडाळा, फोटो काढा, जागा लिहून ठेवा. जमिनीतल्या खनिजांना महसूल कायदा लागू होतो, म्हणून विकण्याआधी तहसील कार्यालयात विचारा. जाणकाराला दाखवल्याशिवाय दारात आलेल्या व्यापाऱ्याला देऊ नका.