आधी सभासद, मग घरमालक

मुंबईच्या उपनगरात जुन्या सोसायटीतला फ्लॅट विकला जातो तेव्हा कोटीचा व्यवहार शेवटी एका जाड, नक्षीदार कडांच्या कागदावर येऊन ठरतो. तो कागद म्हणजे शेअर सर्टिफिकेट. दर्शनी बाजूला सोसायटीचे नाव, नोंदणी क्रमांक, सभासदाचे नाव आणि शेअरचा तपशील असतो: प्रत्येकी ५० रुपयांचे पाच शेअर, एकूण २५० रुपये. मागच्या बाजूला रकाने आखलेले असतात. हस्तांतराची तारीख, नव्या सभासदाचे नाव, पदाधिकाऱ्यांच्या सह्या आणि गोल शिक्का. करारनाम्याची नोंदणी झाली, मुद्रांक शुल्क भरले, किल्ल्याही हातात आल्या, तरी कमिटीच्या सभेत ठराव होऊन त्या रकान्यात नाव चढेपर्यंत घेणाऱ्याचा जीव भांड्यात पडत नाही.

घर घ्यायचे तर आधी सभासद व्हायचे, ही रीत बिल्डरांनी आणलेली नाही. बिल्डर नावाची जमात मुंबईत बोकाळली त्याच्या कितीतरी आधी भाड्याला, दाटीला आणि रोगराईला कंटाळलेल्या पगारदार माणसांनी ती बसवली.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि चाळींत कोंबलेल्या शहराचे पितळ उघडे पडले. १८९८ मध्ये सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. वस्त्या पाडून रस्ते रुंद करणे आणि दादर-माटुंग्यासारख्या मोकळ्या भागात आखीव भूखंड पाडणे हे त्याचे काम. पण ट्रस्टचा भूखंड घेऊन इमारत उठवायची तर गाठीशी पैसा हवा. सरकारी कचेरीतल्या कारकुनाला ते कुठून झेपणार?

याचे उत्तर चित्रापूर सारस्वत समाजातल्या श्रीपाद सुब्राव तल्मकी यांनी शोधले. १९०६ मध्ये त्यांनी शामराव विठ्ठल यांच्या नावाने सहकारी पतसंस्था काढली होती. तिचीच पुढे बँक झाली. तोच सहकार त्यांनी घरांना लावला. मार्च १९१५ मध्ये गावदेवीच्या सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीची नोंदणी झाली. देशातली ही पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था मानली जाते. इमारत आणि जमिनीवरचा हक्क संस्थेचा, संस्था सभासदांची, आणि सभासद आपल्याच संस्थेला भाडे भरणार, अशी तिची मांडणी होती. त्यामुळे भाडे वाढवायला आणि घराबाहेर काढायला वरचा मालकच उरला नाही. आजचा फ्लॅटधारक दरमहा मेंटेनन्स भरतो आणि घराचा ‘मालक’ असूनही संस्थेचे उपविधी पाळतो, त्याचे मूळ या मांडणीत आहे.

शहरात जागा संपत आली तसा हा प्रयोग रेल्वेच्या रुळांवरून उत्तरेकडे निघाला. विरारहून मुंबईला गाडी १८६७ पासून येत होती, पण साष्टी बेटावरची गावे तेव्हा भाताची खाचरे, ताडाची झाडे आणि कोळी-ईस्ट इंडियन वस्त्या यांचीच होती. १९१५ च्या नगररचना कायद्याने तिथे वेगळीच किमया केली. वेड्यावाकड्या शेतजमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, शाळा आणि मैदानांसाठी जागा काढायची आणि उरलेले चौकोनी भूखंड मूळ मालकांना परत वाटायचे. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले इथल्या जुन्या पत्त्यांत ‘टीपीएस’ (टाउन प्लॅनिंग स्कीम) ही अक्षरे आणि कागदपत्रांत ‘अंतिम भूखंड क्रमांक’ अजून सापडतो, तो या योजनांचा वारसा. सरळ रस्ते, दुतर्फा झाडे, घरामागे चार नारळ लावण्याइतके आवार ही आपल्याकडच्या ‘शांत’ उपनगराची ठेवण त्या नकाशांतून आली.

१९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. १९२४ मध्ये खार स्थानक उघडले. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल धावू लागली आणि हिशेबच बदलला. कोटातल्या कचेरीत दहाला हजर राहायचे आणि संध्याकाळी अंगणातल्या झाडांना पाणी घालायचे, हे एकाच दिवसात जमू लागले. ‘स्टेशनपासून चालत पाच मिनिटे’ हा आजच्या जाहिरातींतला हुकमी शब्दप्रयोग मुळात या पिढीची गरज होती. स्टेशनापासून पुढे जायला तिच्याकडे टांगा किंवा पाय, एवढीच साधने होती.

पार्ल्याच्या पूर्वेची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. लोकमान्य टिळकांचे निधन १९२० चे. पार्ले टिळक विद्यालय १९२१ मध्ये सुरू झाले आणि लोकमान्य सेवा संघ १९२३ मध्ये. वीज लोकल त्यानंतर पाच वर्षांनी आली. म्हणजे वस्ती पुरती भरायच्या आधीच शाळा, वाचनालय आणि व्याख्यानांची सोय रहिवाशांनी उभी केली होती. त्याच सुमारास जवळच्या जोगेश्वरीत सरस्वतीबाग ही वसाहत आकाराला आली. पु. ल. देशपांड्यांच्या बालपणाची सुरुवातीची वर्षे तिथे गेली, पुढे कुटुंब पार्ल्याला आले आणि ते पार्ले टिळक विद्यालयात शिकले. मराठी मध्यमवर्गाने घर घेताना चौरस फुटाच्या दराइतकाच शाळेचा विचार केला आणि आजही पार्ल्यातल्या जागेचा भाव सांगताना दलाल शाळांची नावे आधी घेतो.

या शांततेला दुसरी बाजूही होती. सोसायट्या बहुधा जातीच्या, समाजाच्या किंवा व्यवसायाच्या ओळखीवर बनल्या. ओळखीमुळे विश्वास आला, वर्गणी वेळेवर जमली, पण दारही तेवढेच अरुंद झाले. सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवावे का, हा वाद अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि २००५ मध्ये न्यायालयाने संस्थेचा उपविधी ग्राह्य धरला. वांद्रे पूर्वेची साहित्यिकांची सोसायटी साहित्य सहवास हे व्यवसायाच्या ओळखीवर उभे राहिलेले मोकळे उदाहरण. इथे इमारतीचे नाव ‘झपूर्झा’, शेजारी विंदा करंदीकर आणि ‘उषःकाल’ इमारतीत प्राध्यापक रमेश तेंडुलकरांचा मुलगा सचिन, असा अजब शेजार जुळून आला.

भाड्याच्या घराचा काळ मात्र कायद्याने संपवला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण भाड्याने देण्यासाठी नवी इमारत बांधणे आतबट्ट्याचे ठरले. जुन्या घरांवर पागडी चालू लागली आणि नव्या इमारतींत ‘ओनरशिप’चा फ्लॅट आला. महापालिकेची हद्द १९५० आणि १९५७ मध्ये वाढत दहिसर-मुलुंडपर्यंत गेली आणि या फ्लॅटला तेवढे मोठे रान मिळाले.

इथे बिल्डर मधे शिरला. पूर्वी माणसे आधी संस्था काढत, मग जमीन घेऊन बांधत. आता बिल्डर आधी बांधू लागला आणि संस्था मागाहून होऊ लागली. पैसे घेऊन करार न करणे, एकच फ्लॅट दोघांना विकणे, नकाशा बदलणे असे प्रकार वाढले आणि १९६३ मध्ये ‘मोफा’ हा फ्लॅट मालकी कायदा आला. किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्यापूर्वी नोंदणीकृत करार करायचा, संस्था स्थापन करून द्यायची आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत, मुदत ठरली नसेल तर चार महिन्यांत, जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून द्यायची, अशा त्यातल्या मुख्य अटी.

शेवटची अट बहुतेकांनी धाब्यावर बसवली. फ्लॅट विकून बिल्डर मोकळा झाला, जमीन मात्र कागदोपत्री मूळ मालकाच्या नावावर राहिली. रहिवाशांनाही त्याचे फारसे वाटले नाही. प्रॉव्हिडंट फंड आणि दागिने मोडून, पुढे १९७७ मध्ये हसमुखभाई पारेखांनी एचडीएफसी काढल्यावर मासिक हप्त्यांवर, घर झाले होते. पाणी येत होते, गणपती बसत होता. पायाखालची जमीन कोणाची, हे विचारणार कोण?

प्रश्न पेटला तो इमारती जुन्या झाल्यावर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, आणला आणि शहरातल्या आरक्षित जमिनींचे चटईक्षेत्र उपनगरांत वापरता येऊ लागले. दोन मजली सोसायटीच्या जागी बहुमजली इमारत शक्य झाली. जमीन सोन्याची झाली तसे तीन-चार दशके न फिरकलेले बिल्डर आणि मूळ मालकांचे वारस परत दिसू लागले. अखेर २००८ च्या दुरुस्तीने मोफात ‘मानीव अभिहस्तांतरण’ आले. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा, सुनावणी होते, आदेश निघतो आणि त्या आदेशावर जमीन संस्थेच्या नावे करता येते.

पार्ले आणि सांताक्रूझमध्ये पुनर्विकासाला वेगळीच वेसण आहे. विमानतळाच्या धावपट्टीसमोरच्या पट्ट्यात इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहेत. काही गल्ल्या अजून चार मजल्यांच्या राहिल्या त्या डोक्यावरून घोंघावत जाणाऱ्या विमानांमुळे. जुन्या इमारतींतल्या रहिवाशांना या मर्यादेचा जाच वाटतो आणि तिथे नवे घर शोधणारा मोकळ्या आकाशावर खूश होतो.

नव्या बांधकामांना महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून ‘रेरा’ हा स्थावर संपदा कायदा लागू आहे. आता करारापूर्वी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. पण पुनर्विक्रीच्या जुन्या फ्लॅटला या कायद्याचा फार उपयोग नाही. तिथे घेणाऱ्यानेच डोळे उघडे ठेवायला हवेत. शांत गल्ली, जवळचे स्टेशन आणि मेट्रो पाहून बयाणा देण्यापूर्वी सोसायटीच्या सचिवाकडे अभिहस्तांतरण पत्र मागावे आणि नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा उतारा काढून त्यावर कोणाचे नाव आहे ते वाचावे. सोसायटीचे नाव नसेल, तर उद्या इमारत पाडायची वेळ आल्यावर कोणाकोणाच्या सह्या मिळवाव्या लागतील, याची चौकशी भाव ठरवण्याआधी करावी.