तालमीतले मर्दन आणि सुश्रुताची मर्मे
रत्नागिरीच्या किनाऱ्यालगत उंडीची झाडे वाढतात. त्यांच्या बियांचे तेल पूर्वी दिव्यात जळे, आणि आखडलेल्या सांध्यांवर, दुखऱ्या पायांवर चोळलेही जाई. घाटावरच्या तालमींतही मेहनत आणि लढती आटोपल्या की पठ्ठे तेल लावून एकमेकांचे अंग रगडत. हल्ली या वहिवाटीला मर्मचिकित्सेचे, ‘भारतीय ॲक्युप्रेशर’चे नाव देतात आणि व्यायामाचा शीण घालवणारे बिंदू प्राचीन शल्यवैद्य सुश्रुताला ठाऊक होते असे सांगतात. हे सांगणे मला पटत नाही, कारण सुश्रुताचा ग्रंथच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातल्या सहाव्या अध्यायात 107 मर्मे, म्हणजे शरीरातल्या नाजूक जागा, सांगितली आहेत. त्यांपैकी 19 ठिकाणी घाव बसला तर प्राण तत्काळ जातो, 33 ठिकाणी काही काळाने; 3 ठिकाणी रुतलेले शल्य उपसताच माणूस मरतो, 44 ठिकाणच्या घावाने व्यंग येते आणि उरलेल्या 8 ठिकाणी तीव्र वेदना होतात. शस्त्र चालवताना कुठे जपायचे, हे शल्यवैद्याला कळावे म्हणून केलेली ही यादी आहे. थकव्याचा विचार त्याच ग्रंथात चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात येतो. व्यायाम निम्म्या शक्तीपर्यंतच करावा, नंतर अंग सर्व बाजूंनी सुखावेल असे चोळावे, संवाहनाने, म्हणजे अंग रगडण्याने, श्रम दूर होतो, असे तिथे सांगितले आहे. चोळायचे ते सगळे अंग. अमुक मर्म दाबा, असे तो उपदेश सांगत नाही. तालमीतली रीत याच अध्यायाशी जुळते.

यावर कोणी म्हणेल की जागा तर जुळतात: पोटरीच्या मध्यावरचे इंद्रबस्ती, पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांमधले क्षिप्र, यांच्या अगदी जवळ चिनी वैद्यकाचेही बिंदू आहेत. जुळतात खऱ्या, पण इंद्रबस्तीवर घाव बसला तर रक्तक्षयाने आणि क्षिप्रावर बसला तर झटके येऊन मृत्यू होतो, असे सुश्रुत बजावतो. शरीर एकच असल्याने दोन्हीकडच्या वैद्यांची बोटे एकाच जागी पोचली, हेतू मात्र निराळे राहिले. केरळच्या कळरीत, म्हणजे तिथल्या युद्धकलेच्या आखाड्यात, मर्मांवर उपचार होतात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. ती जिवंत आणि आदरणीय परंपरा आहे. मात्र मार लागून दुखावलेल्या मर्मावरचा इलाज हा तिचा गाभा, आणि तिच्यावरून आपल्या तालमींचा इतिहास लिहिता येणार नाही.

नेमक्या बिंदूवरून पायांचा शीण घालवण्याची कल्पना चीन-जपानकडे स्पष्ट दिसते. गुडघ्याखालच्या ‘त्सुसानली’ बिंदूला जपानी लोक ‘सानरी’ म्हणतात. कवी मात्सुओ बाशो याने 1689 च्या लांबच्या पायी प्रवासाआधी तिथे जळत्या वनस्पतीचा शेक घेतल्याचे स्वतः लिहिले आहे. भारतात ही विद्या आली ती अलीकडे. 1938 साली वैद्यकीय पथकातून चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे 1950 च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते कलकत्त्यात रुजवले. मर्मांवर व्याख्याने देणाऱ्यांनी सुश्रुताचे ते दोन अध्याय एकदा शेजारी ठेवून वाचावेत.