पाच गुंठ्यांचं माळवं

आमच्याकडं भाजीपाल्याला माळवं म्हणतात. गाव कराडच्या खाली, कृष्णाकाठी. 1949 साली सातारा जिल्हा तुटून दक्षिण सातारा झाला आणि 1960 च्या नोव्हेंबरात त्याचं नाव सांगली पडलं. आजी मात्र मरेपर्यंत स्वतःला साताऱ्याकडचीच म्हणायची.

आमच्या दीड एकराच्या जुन्या उताऱ्यांवर आधी शाळू आणि गहू आहे, पुढं सगळा ऊस. माळव्याची एक ओळही नाही. ते होतं पाच गुंठं आणि तेही आजीच्या हातातलं. बाजारच्या आदल्या संध्याकाळी पाट्या भरायच्या आणि आलेला पैसा तिच्या कमरेच्या पिशवीत जायचा. त्याला पीक कोण म्हणणार?

पाच गुंठंच का, हे वडिलांनी सांगितलं तेव्हा कळलं. त्यांच्या लहानपणी पाणी मोटेचं. बैल धावेवरून खाली उतरले की मोट वर येऊन थारोळ्यात ओतायची, तिथून पाटाला पाणी. चैतात विहीर आटत आली की तासाभरात मोट तळाला लागायची. मग बैल सोडायचे आणि झरे भरायची वाट बघत बसायचं. तेवढ्या पाण्यात जेवढं भिजेल तेवढंच माळवं. वाफ्यांत गवार, भेंडी, चवळी. बांधाला दोडका नि कारलं. वांगी मात्र नदीकडच्या मळीतली, पुराच्या गाळावर लावलेली, काटेरी.

गवार तोडताना आजी शेंग वाकवायला लावायची. "पोरी, काडकन मोडली तर घे. वाकली तर ऱ्हाऊ दे, ती बियाची." कढईत लसूण, वर शेंगा, झाकणात पाणी ठेवून वाफेवर शिजवायच्या, शेवटी कांदा-लसणाची चटणी आणि शेंगदाण्याचं कूट. दोडक्याच्या शिरा टाकायच्या नाहीत. त्या तव्यावर करपायच्या बेतात आल्या की तीळ, मिरची, मीठ घालून वरवंट्याखाली. मला भाजीपेक्षा ही चटणीच आवडायची, अजूनही आवडते.

किर्लोस्करवाडी 1910 साली औंध संस्थानातल्या माळरानावर वसली. तिथल्या कारखान्यात आधी लोखंडी नांगर बनले, मग पंप. आमच्या विहिरीवर पंप यायला साठचं दशक उजाडलं. त्याच दशकात कोयनेचं धरण झालं. ते मुख्यतः विजेसाठी, पाणी वळवायचं पश्चिमेला कोकणाकडं, पण खाली सोडलेल्या पाण्यानं कृष्णा उन्हाळ्यातही वाहती राहू लागली. नदीवरून पाइपलाइनी आल्या, साखर कारखाने आले. वाटलं होतं, आता आजीचं माळवं एकरभर होईल. झालं उलटंच. विहीर आटायची तेव्हा उसाला पाणीच नव्हतं म्हणून माळव्याला रान मिळायचं. पाणी बारमाही झालं आणि मळीसुद्धा उसाखाली गेली. आजोबांचंही चूक म्हणवत नाही. उसाचं बिल एकरकमी यायचं, त्यात मुलींची लग्नं झाली, माझंही झालं.

आता वहिनी बांधाकडेला दोन सऱ्या गवार लावते. उसात टू-फोर-डी मारलं की वाऱ्यावर उडून गवारीची पानं आकसतात. म्हणून ती भावाला पहाटे, वारा पडलेला असताना फवारायला लावते आणि आदल्या संध्याकाळी सगळी शेंग तोडून घेते. मागच्या खेपेला मीही सोबत होते. दोन-चार शेंगा नुसत्या वाकल्या. त्या तिनं झाडावरच ठेवल्या आणि वरून जुनी साडी पांघरली.