पेटी लहान झाली, शब्द कुठे गेला?

‘जुन्या रेडिओसारखा आवाज आता राहिला नाही’ ही तक्रार शहागडसारख्या गोदाकाठच्या गावांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडी नेहमी असते. तरुण श्रोते तिला स्मरणरंजन समजून सोडून देतात. तथापि या तक्रारीमागे एक इतिहास आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही तो जाणून घ्यायला हवा, कारण तो जितका सुरांचा आहे तितकाच शब्दांचाही आहे.

अंबड तालुक्यातील शहागड १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. फाळणीच्या वेळी देशी संस्थानांत जी पाच नभोवाणी केंद्रे होती, त्यांत म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा आणि हैदराबाद यांच्या बरोबरीने औरंगाबादही होते. हैदराबाद व औरंगाबाद ही केंद्रे १९५० साली आकाशवाणीकडे आली. पुण्याचे केंद्र त्यानंतर, १९५३ साली सुरू झाले. म्हणजे नभोवाणीच्या बाबतीत तरी मराठवाडा पुण्याच्या मागे नव्हता. पुढे १९५५च्या रामनवमीपासून पुणे केंद्राने माडगूळकर-फडके यांचे ‘गीतरामायण’ वर्षभर प्रसारित केले. रेडिओ मोजक्याच घरी असे. त्याच्याभोवती शेजारीपाजारी जमत आणि काव्य कानांनी ग्रहण करीत.

त्या काळचा व्हॉल्व्हचा रेडिओ कसा होता? चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली हलत्या वेटोळ्याचा स्पीकर सिद्ध केला. आजही बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. व्हॉल्व्हच्या संचाची शक्ती मात्र काही थोड्या वॅटची असे. एवढ्या शक्तीत खोलीभर आवाज पोचवायचा, तर हलक्या कागदी पडद्याचा मोठा स्पीकर आणि त्याला सामावणारी लाकडी पेटी हवीच. मध्यम लहरींच्या प्रसारणात उंच स्वर कापले जात, तर खोल स्वर पेटीच्या उघड्या पाठीमुळे विरून जात. मधला पट्टा तेवढा उरे, आणि तोच मानवी कंठाचा पट्टा! यंत्राची उणीव अशी शब्दाच्या पथ्यावर पडली.

पेटी लहान करण्याची धडपडही जुनीच आहे. एडगर विल्चर यांनी १९५४ साली बंद पेटीत कोंडलेल्या हवेचा स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान आकारातून खोल स्वर काढून दाखवला. त्याची किंमत अधिक वॅट खर्चून मोजावी लागली. खोल स्वर, लहान पेटी आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. त्यांपैकी दोनच निवडाव्या लागतात. ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले आणि बाजाराने लहान पेटी निवडली. १९७०-८०च्या दशकांत सधन घरांत स्टिरिओच्या भल्यामोठ्या लाकडी पेट्या जोडीने उभ्या असत. पुढे त्यांची जागा मुठीएवढ्या स्पीकरांनी घेतली.

आजच्या तक्रारीचे मूळ इथे आहे. कंपनसंख्या निम्मी झाली की तेवढाच आवाज राखण्यासाठी पडद्याला चौपट हलावे लागते. मुठीएवढ्या स्पीकरला हे झेपत नाही, म्हणून खालचे स्वर कोपऱ्यातल्या वेगळ्या पेटीकडे सोपवले जातात. पुरुषकंठाचा मूळ स्वर साधारणतः ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो, तर व्यंजनांची स्पष्टता बरीचशी २००० हर्ट्झच्या वर असते. परिणामी कीर्तनकाराचा खर्ज एका पेटीतून येतो आणि त्याचे ‘स’, ‘श’ दुसऱ्या पेटीतून. त्यातच घुमारा वाढवण्याची हौस असली की शब्द त्याखाली दबतो. सपाट दूरचित्रवाणी संचात तर स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. संवाद कळेनासे होतात आणि आपल्याच भाषेच्या चित्रपटाखालची अक्षरे वाचण्याची वेळ येते.

याचा अर्थ जुने ते सारे सोने असा नव्हे. जुन्या रेडिओत खरखर होती, त्याचा परवाना टपाल कार्यालयातून घ्यावा लागे, आणि अनेक घरांना तो परवडत नसे. आज उत्तम बांधणीचा स्पीकर त्याहून कितीतरी सच्चा ध्वनी देतो. तक्रार विज्ञानाबद्दल नाही. सामान्य घराच्या वाट्याला जे येते, त्याबद्दल ती आहे. ऐकणे सर्वांच्या हाती आले, ही मोठीच प्राप्ती होय. पण त्या सौद्यात शब्दाचे वजन घटले.

आम्हा अध्यापकांना याची दखल घ्यावी लागेल. ओवी, पोवाडा, कीर्तन, नाट्यपद हे आपले वाङ्मय कानासाठी घडले आहे. वर्गात बालगंधर्वांचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर लावले आणि विद्यार्थी म्हणाला, ‘शब्द कळत नाहीत’, तर दोष गायकाचा की जुन्या मुद्रणाचा, हे ठरवण्याआधी पेटी तपासावी. थोडा मोठा, साधा स्पीकर कानाच्या उंचीवर ठेवावा, घुमारा कमी करावा आणि मग पुन्हा ऐकवावे. मौखिक परंपरेविषयीचे आपले काही निष्कर्ष एवढ्यानेही बदलू शकतात.