घरट्यावरचा पहारा

2020 च्या वसंतात अर्धं जग घरात कोंडलेलं असताना स्कॉटलंडच्या पश्चिम डोंगराळ भागात, आर्केग सरोवराकाठच्या एका उंच झाडाच्या शेंड्यावर ऑस्प्रे या शिकारी पक्ष्याच्या एका जोडीचा संसार मांडला जात होता. नराचं नाव लुई, मादीचं आयला. ही नावं अर्थातच माणसांनी दिलेली. वुडलँड ट्रस्ट या संस्थेने घरट्याच्या वर कॅमेरा बसवला होता आणि त्यातून दिसणारं सारं काही थेट इंटरनेटवर जात होतं. त्या हंगामात 4 लाखांहून अधिक लोकांनी ते घरटं पाहिलं. तीन पिल्लं जगली. प्रेक्षकांच्या कौलाने त्यांची नावं ठरली: डॉडी, व्हेरा आणि कॅप्टन. पहिलं नाव रग्बीपटू डॉडी वेअरवरून, दुसरं महायुद्धकाळात गाजलेल्या गायिका व्हेरा लिन यांच्यावरून आणि तिसरं कॅप्टन टॉम मूर यांच्यावरून. वयाच्या शंभरीला टेकलेल्या या माजी सैनिकाने आपल्या अंगणात फेऱ्या मारून आरोग्यसेवेसाठी कोट्यवधी पौंड उभे केले होते.

कॅमेऱ्यासमोर बसलेल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे, पण याच सरोवराचं नाव ब्रिटनच्या पक्षी-इतिहासात एका दुःखद नोंदीसाठी लिहिलं गेलं होतं. देशातल्या ऑस्प्रेच्या अगदी अखेरच्या घरट्यांपैकी एक इथेच होतं आणि 1916 नंतर ही जात ब्रिटनमधून गेली, असं पुस्तकं कित्येक वर्षं सांगत आली. एखाददुसरी जोडी कुठे कोपऱ्यात तग धरून राहिली असावी, असंही आता काही अभ्यासक मानतात. पण जवळजवळ चाळीस वर्षं हा पक्षी तिथे नसल्यातच जमा होता.

ऑस्प्रे जवळपास पूर्णपणे माशांवर जगतो. दीड मीटरच्या आसपास पंखांचा पसारा, वजन मात्र जेमतेम दीड ते दोन किलो. उंचावरून मासा हेरायचा आणि पाय पुढे करून पाण्यात झेप घ्यायची, ही त्याची रीत. तळव्यांवर बारीक काटे असतात आणि बाहेरचं बोट मागे वळतं, त्यामुळे निसरडा मासा सुटत नाही. उडताना तो माशाचं डोकं पुढे करून धरतो, म्हणजे वाऱ्याला अडथळा कमी. महाराष्ट्रालाही हा पक्षी तसा अनोळखी नाही. उजनीच्या पाणफुगवट्यावर भिगवणला किंवा पैठणच्या जायकवाडीवर हिवाळ्यात गेलं, तर बुडालेल्या झाडाच्या वाळक्या फांदीवर मासा फाडत बसलेला ऑस्प्रे दिसू शकतो. आपल्याकडे तो पाहुणा. घरटं बांधायला तो उत्तरेला जातो. ब्रिटनमध्ये घरटी करणारे ऑस्प्रे वेगळे, त्यांचा हिवाळा सेनेगल, गांबियाच्या किनाऱ्यावर जातो.

असा पक्षी ब्रिटनमधून गेला कसा? थोडा वाटा तळ्यांतले मासे राखणाऱ्या बंदूकधाऱ्यांचा, थोडा पेंढा भरून दिवाणखान्यात पक्षी मांडणाऱ्यांचा. पण शेवटचा घाव घातला तो अंडी जमवणाऱ्यांनी. ऑस्प्रेचं अंडं देखणं असतं. साईसारख्या रंगावर तांबूस-तपकिरी डाग, आणि दोन अंड्यांवरचे डाग सहसा सारखे नसतात. व्हिक्टोरियन काळातल्या हौशी सज्जनांची लाकडी कपाटं अशा अंड्यांनी भरलेली असत. अंड्याला बारीक भोक पाडायचं, आतला बलक फुंकून काढायचा आणि कापसावर ठेवून वर चिठ्ठी लावायची. जात जितकी दुर्मिळ, तितका अंड्याला भाव. म्हणजे पक्षी संपत चालला की त्याला संपवण्याचं आकर्षण आणखी वाढत होतं.

लॉख ॲन आयलन या सरोवरात, बेटावरच्या पडक्या किल्ल्याच्या माथ्यावर ऑस्प्रेचं जुनं घरटं होतं. 1850 च्या आसपास लुइस डनबर नावाचा माणूस हिमवर्षावात, रात्री त्या गार पाण्यात उतरून पोहत किल्ल्यावर गेला आणि अंडी घेऊन परतला. ती अंडी जॉन वुली या नामवंत संग्राहकाकडे गेली. अशा धाडसाला त्या वर्तुळात लाज नव्हती, उलट ते पत्रांत रंगवून लिहिलं जात असे. चार्ल्स सेंट जॉन हा लेखक-शिकारी 1848 मध्ये सदरलंडमध्ये फिरला. त्याने घरट्यावरची मादी मारली, अंडी नेली आणि मग नराला एकट्याने घिरट्या घालताना पाहून वाईट वाटल्याचंही लिहून ठेवलं. पश्चात्ताप खरा असेलही. अंडी मात्र परत ठेवली नाहीत.

काही जमीनदारांना हे उमगलं होतं. आर्केगचे मालक कॅमेरून ऑफ लॉकील यांनी घरट्याच्या झाडाला काटेरी तार गुंडाळून घेतली. 1893 मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने त्यांना आणि लॉख ॲन आयलनच्या ग्रँट घराण्याला ऑस्प्रे राखल्याबद्दल पदकं दिली. पण तोवर पक्षी फारच थोडे उरले होते. लॉख ॲन आयलनचं घरटं शतक संपता संपता ओस पडलं आणि आर्केगचं त्यानंतर काही वर्षांनी.

1954 मध्ये एक जोडी स्पे नदीच्या खोऱ्यात परतली, बहुधा स्कँडिनेव्हियाहून येऊन. बातमी बाहेर जाऊ नये म्हणून पक्षीसंरक्षण संस्थेने, म्हणजे आरएसपीबीने, तोंडं बंद ठेवली. तरी पुढची काही वर्षं घरटी फसत राहिली. 1958 मध्ये संस्थेचे स्कॉटलंडमधले प्रमुख जॉर्ज वॉटरस्टन यांनी गार्टन सरोवराजवळच्या घरट्यापाशी दिवसरात्र स्वयंसेवकांचा पहारा बसवला. जूनच्या सुरुवातीला एका काळोख्या रात्री कुणीतरी झाडावर चढलं. पहारेकऱ्यांनी आरडाओरडा केला, तसा चोर अंधारात पळाला. झाडाखाली ऑस्प्रेची फुटलेली अंडी सापडली. वर घरट्यात होती कोंबडीची दोन अंडी, बुटाच्या तपकिरी पॉलिशने रंगवलेली! मादीला आणि पहारेकऱ्यांना दोघांनाही फसवण्याचा बेत होता.

त्यानंतर वॉटरस्टन यांनी जे केलं ते त्या काळाच्या मानाने उलटंच होतं. 1959 मध्ये त्यांनी घरट्याचा ठावठिकाणा जाहीर केला. झाडाला काटेरी तार, पहारेकऱ्यांची पाळी आणि लांबवर एक आडोसा, जिथून दुर्बिणीने कुणीही पाहावं. त्या उन्हाळ्यात सुमारे 14 हजार लोक आले. तीन पिल्लं उडाली. इतके डोळे लागलेले असताना चोराला जागाच उरली नाही. पुढे या हिशेबावर पक्षीसंरक्षणातल्या बऱ्याच गोष्टी उभ्या राहिल्या, आणि आजचे कॅमेरे तर सरळ त्या आडोशाचेच वारस आहेत. फरक एवढाच, की आता रांगेत उभं राहावं लागत नाही.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. शेतीवरच्या डीडीटीसारख्या कीटकनाशकांचा अंश माशांतून ऑस्प्रेच्या अंगात जात होता आणि अंड्यांची कवचं पातळ होऊन उबवतानाच फुटत होती. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर या जातीची त्यामुळे दैना झाली. तिथे 1972 मध्ये डीडीटीवर बंदी आली. स्कॉटलंडमध्ये संख्या वाढली ती सावकाश: 1976 मध्ये 14 जोड्या, 1991 मध्ये 71, 2001 मध्ये 158. दरम्यान 1986 मध्ये गार्टनच्या झाडावरच कुणीतरी करवत चालवली, म्हणजे जुनी खुमखुमी गेली नव्हती.

इंग्लंडमध्ये पक्षी आपोआप येईनात, म्हणून 1996 पासून रॉय डेनिस आणि टिम ॲपल्टन यांनी स्कॉटलंडच्या घरट्यांतली साधारण सहा आठवड्यांची पिल्लं उचलून रटलंडच्या जलाशयाकाठी आणून सोडली. डेनिस यांनी तरुणपणी गार्टनच्या पहाऱ्यातच काम केलं होतं. सहा वर्षांत 64 पिल्लं आली. ऑस्प्रे जिथून पहिल्यांदा उडतो तिथेच संसार करायला परततो, विशेषतः नर. त्यावरच हा सारा डाव होता. 2001 मध्ये रटलंडला पहिलं घरटं यशस्वी झालं. त्याच वर्षी लेक डिस्ट्रिक्टमधल्या बॅसेंथवेट सरोवराशी एक जोडी स्वतःहून आली. वेल्समध्ये 2004 मध्ये ग्लासलिन खोऱ्यात जोडी बसली, तिचा नर मूळचा रटलंडला आणलेला. पहिल्याच उन्हाळ्यात वादळाने घरटं कोसळलं आणि पिल्लं गेली, पण माणसांनी फांद्या बांधून नवा पाया करून दिला आणि दुसऱ्या वर्षी जोडी परत आली.

कॅमेरे आले तसा पहारेकऱ्याचा अनुभव घरोघरी पोचला. ऑस्प्रेचा हंगाम पाहायला सोयीचाही असतो. मार्चअखेर ते एप्रिलमध्ये जोडी येते, दोनतीन दिवसांच्या अंतराने बहुधा तीन अंडी, मग सुमारे 37 दिवस उबवणं, आणि पिल्लं साधारण सात-आठ आठवड्यांत उडतात. सगळं घरटं सपाट, उघडं, वरून पूर्ण दिसणारं. नर मासा आणतो, पण बऱ्याचदा त्याचं डोकं आधी स्वतः खाऊन मगच. मादी माशावर एक पाय रोवून चोचीने दोऱ्याएवढ्या पट्ट्या काढते आणि मान तिरकी करून त्या पिल्लाच्या चोचीत सोडते. अंडी दिवसांच्या अंतराने पडतात, म्हणून पिल्लंही वेगवेगळ्या दिवशी बाहेर येतात. मासा कमी असला तर थोरलं धाकट्याला टोचून मागे ढकलतं आणि मादी ते थांबवत नाही. तिला पुढे दिसेल ती चोच भरायची असते. जूनमध्ये स्कॉटलंडमध्ये पहाटे साडेचारला उजाडतं, तेव्हा आपल्याकडे सकाळचे नऊ वाजलेले असतात; पुण्या-नाशिकच्या पक्षीवेड्यांसाठी पहिला मासा चहाच्या वेळेला येतो.

यातून एक नवं ओझं मात्र आलं. पहारेकऱ्याला चोराला हाकलायचं असतं. पावसाला हाकलता येत नाही. जून 2012 मध्ये वेल्समधल्या डाइफी नदीकाठच्या घरट्यावर वादळी पावसाने दोन पिल्लं एकामागोमाग गेली, हजारो लोक पाहत असताना. तिसरं मरायला टेकलं, तेव्हा प्रकल्पाच्या लोकांनी घरट्यावर जाऊन त्याला मासा भरवला. ते जगलं, त्याचं नाव केउलान ठेवलं गेलं, ते उडून आफ्रिकेत पोचलं आणि त्याच वर्षी मासेमारीच्या जाळ्यात अडकून मेलं. हस्तक्षेप करावा की नाही, यावर दोन्ही बाजूंनी लोक अजून भांडतात. या लेखाचं मत असं की जो पक्षी मुळात माणसाने संपवला आणि माणसाने आणून बसवला, त्याच्या घरट्यावर निसर्गाला त्याच्या वाटेने जाऊ द्या हा आग्रह जरा उशिराच सुचलेला आहे. तरी मदत करायची तर कायद्याची परवानगी हवी. 1981 च्या वन्यजीव कायद्यात ऑस्प्रे विशेष संरक्षित आहे, म्हणून घरट्यापाशी त्याला परवान्याशिवाय त्रास देणं हाच गुन्हा. कॅमेरे हिवाळ्यात, पक्षी आफ्रिकेत असताना बसवतात. मे महिन्यात भिंगावर पक्ष्याची विष्ठा उडाली तर ती सहसा पावसानेच धुतली जाते.

ओळख पटते पायातल्या निळ्या कड्यांवरून. पिल्लं पाचेक आठवड्यांची झाली की परवानाधारक चढून जातात, वजन करतात आणि अंक-अक्षरांचं कडं घालतात. मग कुणी दुर्बिणीतून तोच क्रमांक सेनेगलच्या पुळणीवर वाचतो आणि कळवतो. त्यामुळे कोण आलं नाही हेही समजतं. आयला 2021 मध्ये परतलीच नाही. लुई आर्केगच्या जुन्या घरट्यावर काही दिवस काड्या रचत राहिला आणि मग जवळच्याच दुसऱ्या घरट्यात डॉर्का नावाच्या मादीबरोबर बसला.

चोरी थांबली, पण राग थांबलेला नाही. 30 एप्रिल 2021 च्या रात्री वेल्समधल्या ब्रेनिग जलाशयावर कुणीतरी मोटरकरवतीने घरट्याचा खांब कापून पाडला. मादीने नुकतंच पहिलं अंडं घातलं होतं. कॅमेऱ्याने घटनेची वेळ अचूक टिपली, चेहरा मात्र टिपला नाही. जलकंपनी आणि वन्यजीव संस्थेच्या लोकांनी काही दिवसांतच नवा खांब उभा केला. 2022 मध्ये दक्षिण किनाऱ्यावर पूल बंदराजवळ सुमारे दोनशे वर्षांनंतर ऑस्प्रेची दोन पिल्लं जन्मली, त्यातलं एक पुढे शिकारी गॉसहॉकने नेलं आणि दुसरं उडालं.

आज ब्रिटनमध्ये ऑस्प्रेच्या अडीचशेच्या वर जोड्या आहेत, बहुतेक स्कॉटलंडमध्ये. त्यातल्या मोजक्याच घरट्यांवर कॅमेरे आहेत. बाकीची कुठे आहेत ते वनरक्षक, जमिनीचे मालक आणि कडी घालणारे काही जण जाणतात आणि अजूनही सांगत नाहीत.